जुनी पिकअप आणि मागे ट्रेलर : ओढेल का ते सोडा, थांबेल का ते बघा



सध्या ट्रेनिंगला येणाऱ्या लोकांकडून एक प्रश्न सारखा येतोय. "सर, कुंभासाठी फूड ट्रेलर बनवतोय. एक जुनी पिकअप बघून ठेवलीय, साडेचार लाखांना देतोय म्हणतो. ओढेल ना?" विचारणारे वेगवेगळे असतात. कोणी मिसळवाला, कोणी चहावाला, एक ज्यूसवाला, आणि एक मंडपवाले काका, ज्यांना जनरेटरचा गाडा ओढायचाय. शेवटचे दोन शब्द मात्र सगळ्यांचे तेच. ओढेल ना?

ओढेल हो. चालू स्थितीतली कुठलीही पिकअप दीड टनाचा ट्रेलर सपाट रस्त्यावर ओढून दाखवते. विकणारा ट्रायल देताना नेमकं तेवढंच दाखवतो. पहिल्या गिअरला टाकतो, गाडी हलते, तो तुमच्याकडे बघून हसतो आणि तुम्ही खिशात हात घालून विसार काढता. पण गाडी हलली यावरून एवढंच कळतं की क्लच अजून जिवंत आहे. कसारा उतरताना मागचं वजन धरून ती थांबेल का, पावसात मागचा ट्रेलर तिला ढकलून आडवी करेल का, यातलं काहीही त्या ट्रायलमधून कळत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्याकडच्या छोट्या व्यवसायासाठी, बिनब्रेकचा ट्रेलर असेल तर, पिकअप आणि ट्रेलर दोघांचं मिळून भरलेलं वजन पिकअपच्या आरसीवरच्या ग्रॉस वेटच्या आत बसलं पाहिजे. बसत नसेल तर तो सौदा करू नका, गाडी कितीही चकाचक असू दे. हा नियम कायद्याच्या पुस्तकातला नाही, माझा आहे, आणि तो कडक आहे हे मला माहीत आहे. का कडक ठेवलाय ते पुढे वाचा.

व्हिडिओ अमेरिकेचा, पिकअप आपली

ही कल्पना येते कुठून? अर्ध्या लोकांनी अमेरिकेतले व्हिडिओ बघितलेले असतात. पिकअपच्या हौद्यात मधोमध एक जाड प्लेट, तिच्यात ट्रेलरची मान अडकवलेली, आणि मागे अख्खं घर चाललंय. त्याला तिकडे 'फिफ्थ व्हील' म्हणतात, म्हणजे पाचवं चाक. हे नाव घोडागाडीच्या काळातलं आहे. पुढचा आस वळावा म्हणून त्याच्यावर एक आडवी गोल कडी बसवायचे, ते पाचवं चाक. आपल्याकडे हीच व्यवस्था रोज दिसते, फक्त पिकअपवर नाही. न्हावा शेवाहून द्राक्षांसाठी कंटेनर घेऊन येणारा ट्रेलर बघा. पुढच्या डोक्याला ड्रायव्हर मंडळी घोडा म्हणतात, त्या घोड्याच्या पाठीवर तीच प्लेट असते आणि कंटेनरच्या चासीची किंगपिन तिच्यात लॉक होते. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये याला वेगळी व्याख्यासुद्धा आहे. ज्याचं वजन थोडं पुढच्या गाडीवर टेकतं तो सेमी-ट्रेलर, आणि नुसता मागून ओढला जातो तो ट्रेलर.

तिकडच्या मोठ्या पिकअपचं इंजिन ४०० हॉर्सपॉवरच्या पुढचं असतं. आपली अडीच लिटरची बोलेरो पिकअप ७५ हॉर्सपॉवरच्या आसपास. ती कमी पडते असं मला म्हणायचं नाही. नाशिक जिल्ह्याचा अर्धा भाजीपाला तिनेच उचललाय. पण ती पाठीवर माल घ्यायला बनवलेली गाडी आहे. किती ओढायचं याचा वेगळा आकडा, म्हणजे गाडी आणि ट्रेलर मिळून एकूण वजन, कंपनी ज्या गाडीला ओढायची मान्यता देते तिच्याच कागदांत असतो. तुमच्या पिकअपच्या कागदांत तो आकडा सापडत नसेल तर कंपनीने ओढायला परवानगी दिलीय असं समजू नका.

दुसरं म्हणजे आपल्याला ट्रॅक्टरची सवय आहे. निफाडकडे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या मागे लावलेला ट्रॅक्टर लहानपणापासून बघितलाय, त्यामुळे ओढणं म्हणजे हूक आणि पिन एवढंच वाटतं. ट्रॅक्टर हळू चालतो, त्याची मागची चाकं माणसाएवढी असतात आणि तो त्याच कामासाठी बनलेला असतो. तरीही रात्री बिनरिफ्लेक्टरच्या ट्रॉल्यांवर मागून गाड्या धडकतातच.

आता कागद-पेन घ्या

एक उदाहरण करू. आकडे समजण्यापुरते घेतलेत, तुमच्या गाडीचे तुम्ही आरसीवरून टाका.

समजा आरसीवर ग्रॉस वेट २,९९० किलो आणि अनलेडन वेट १,६९० किलो आहे. फरक १,३०० किलो, म्हणजे आपण म्हणतो ते पासिंग. (ग्रॉस वेट ३,००० च्या आत असण्याला कारण आहे. तेवढ्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही.) आता गाडीत दोन माणसं १४० किलो, हौद्यात जनरेटर १६० किलो, ट्रेलर जोडायची फ्रेम आणि हूक १०० किलो. पिकअप झाली २,०९० किलो.

ट्रेलर बघू. नुसता सांगाडा आणि पत्रा ९०० किलो. भट्टी, फ्रीज, स्टीलचे ओटे, भांडी ३५० किलो. पाणी २०० लिटर म्हणजे २०० किलो. पाणी सगळे विसरतात! १९ किलोचे दोन व्यावसायिक सिलेंडर टाकीसकट ७० किलो. फरसाण, मटकी, तेल, पाव, डिस्पोजेबल प्लेटा मिळून १५० किलो. झाले १,६७० किलो.

इथे लोक एक हिशोब करतात आणि खूश होतात. ट्रेलरचं सगळं वजन काही पिकअपवर येत नाही. मागच्या हुकाला जोडला तर साधारण १० ते १५ टक्के येतं, पाचव्या चाकाच्या पद्धतीने जोडला तर १५ ते २५ टक्के. वीस टक्के धरले तर ३३४ किलो. २,०९० अधिक ३३४ म्हणजे २,४२४. पासिंगच्या आत! मग अडचण काय?

अडचण अशी की उरलेले १,३३६ किलो हवेत तरंगत नाहीत. ते मागच्या चाकांवर चालतात, पण त्या चाकांना ब्रेक नसेल तर थांबवायचे पिकअपलाच. एकूण ओझं होतं ३,७६० किलो, आणि पिकअपचे ब्रेक २,९९० साठी बनवलेत. म्हणजे पहिल्या दिवसापासून सव्वापट काम. त्यात गाडी जुनी.

माझ्या नियमाने २,९९० वजा २,०९० म्हणजे ९०० किलोचा ट्रेलर चालतो. म्हणजे नुसता रिकामा सांगाडा. भट्टी, पाणी, माल हे सगळं दुसऱ्या खेपेला. बऱ्याच जणांचा उत्साह इथेच मावळतो, आणि मावळला तर बरंच आहे. पैसे अजून खिशात आहेत.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक बसवून घेतले तर? चांगलं आहे. ओव्हररन ब्रेक नावाची पद्धत असते. पिकअप हळू झाली की ट्रेलर पुढे रेटतो आणि त्याच रेट्याने त्याचे ब्रेक लागतात. तसा ट्रेलर बनवून देणारा आणि त्याची नोंदणी करून देणारा मिळाला तर माझा नियम थोडा सैल करा, कंपनीने ओढण्याचा आकडा दिला असेल तर त्याच्या आत राहून. पण गल्लीतल्या वेल्डरने जुन्या जीपच्या आसावर बनवलेल्या ट्रेलरला हे लागू नाही.

"किती जाळ्या भरायचास?"

आता गाडीकडे वळू. जुनी पिकअप बघायला गेलात की विकणाऱ्याला एक साधा प्रश्न विचारा, तोही कौतुकाच्या सुरात. "टोमॅटोच्या किती जाळ्या बसायच्या हो?" तो अभिमानाने सांगेल, "एकशेतीस! पिंपळगावला रोज." जाळी २० किलोची. १३० जाळ्या म्हणजे २,६०० किलो. पासिंग १,३००. म्हणजे ही गाडी कित्येक सीझन दुप्पट वजन वाहत आलीय, आणि हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलंय. कांद्याच्या गोण्यांचं पण असंच विचारता येतं. मेकॅनिक तासभर गाडीखाली झोपून जे शोधेल त्यातलं निम्मं या एका उत्तरात मिळतं.

मग तो म्हणेल, "मागे जास्तीचा पाटा टाकलाय, दोन टन आरामात जातात." ही त्याच्या लेखी गाडीची खासियत. माझ्या लेखी ती धोक्याची पाटी. पाटा टाकल्याने पासिंग वाढत नाही, हाऊसिंग, बेअरिंग, टायर आणि ब्रेक जुनेच राहतात. त्यातही एक गोष्ट फार कमी जण बघतात. बऱ्याच पिकअपला मागच्या हाऊसिंगपासून चासीवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत बारीक दांडी गेलेली असते. तो एलएसपीव्ही. मागे वजन वाढलं, पाटे दबले, की तो मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर सोडतो. तुम्ही जास्तीचा पाटा टाकला की वजन असूनही पाटे तेवढे दबत नाहीत. व्हॉल्व्हला वाटतं गाडी हलकी आहे आणि मागचे ब्रेक कमी लागतात. म्हणजे जास्त वजन न्यायला केलेला जुगाड नेमका जास्त वजनालाच ब्रेक कमी करतो. काही गाड्यांत तर ती दांडी तारेने बांधून ठेवलेली दिसते. तिथून सरळ घरी या.

चासी खालून बघा. पाट्यांचे हँगर जिथे बसतात तिथे आणि केबिनच्या मागे वेल्डिंगचे डाग, नवीन काळा रंग, जास्तीची पट्टी दिसली तर का मारली ते विचारा. ट्रेलरची ओढ त्याच चासीच्या मागच्या टोकाला येणार आहे. पाचव्या चाकाची प्लेट हौद्याच्या पत्र्याला बोल्ट करून देतो म्हणणारे पण भेटतात. पत्रा ही माल ठेवायची जागा आहे, ओढ घ्यायची नाही. ती प्लेट चासीलाच बसली पाहिजे आणि मागच्या आसाच्या बरोबर वर किंवा जरा पुढे. मागे गेली की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग पोकळ लागायला लागतं. आणि आपल्या पिकअपचा हौदा आखूड असेल तर वळताना ट्रेलरचा कोपरा केबिनची मागची काच फोडतो.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी छान दिसते म्हणून सात वर्षांचा टायर ट्रेलरच्या कामाला घेऊ नका. शेजारी लोड इंडेक्स असतो. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, ११२ म्हणजे १,१२० किलो. स्वस्तात कारचे टायर चढवलेले असतील तर इथे पकडले जातात.

ब्रेक ऑइलचा डबा उघडून बघा. काळपट असेल तर ते वर्षानुवर्षं बदललेलं नाही. नवीन डॉट-३ ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण हवेतलं पाणी शोषून जुनं झालं की हीच मर्यादा १४० पर्यंत येऊ शकते. घाटात सतत ब्रेक दाबून उतरलात की ते उकळतं, पाईपमध्ये वाफ होते आणि पेडल मऊ होऊन खाली बसतं. तेव्हा ड्रायव्हर म्हणतो, "ब्रेक अचानक फेल झाले." अचानक काही नसतं. आणि वेग विसरू नका. तेच वजन ताशी ४० ऐवजी ६० ने जात असेल तर ब्रेकला सव्वादोन पट उष्णता पचवावी लागते.

सव्वीस गोण्या आणि एक वजनकाटा

माझं हार्डवेअरचं दुकान आहे, म्हणून मला सोपी पडणारी ट्रायल सांगतो. सिमेंटच्या ५० किलोच्या २६ गोण्या म्हणजे बरोबर १,३०० किलो. ओळखीच्या दुकानदाराकडून भरून घ्या, आणायचं भाडं तुम्ही द्या, आणि त्या वजनाने गाडी चालवा. यातून ड्रायव्हरचं वजन तेवढं वजा करायचं असेल तर एक-दोन गोण्या कमी घ्या. मोकळ्या रस्त्यावर ४० च्या वेगात ब्रेक मारा, गाडी एका बाजूला खेचते का बघा. चढावर थांबवून परत उचला, क्लचचा जळका वास येतो का बघा. उतारावर दुसऱ्या गिअरला इंजिनने धरते का बघा. मग थांबून चारही चाकांजवळ हात न्या, लावू नका, नुसता जवळ न्या. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलंय तर ते अडकलंय, एक अगदी गार आहे तर ते काम करत नाही. विकणारा माल भरून ट्रायल द्यायला तयार नसेल तर त्यालाही काहीतरी माहीत आहे.

तिथून काट्यावर जा. मुंबई-आग्रा रोडवर आडगावपासून पिंपळगावपर्यंत काट्यांची कमी नाही, आणि पावती चहा-मिसळीच्या पैशात मिळते. ट्रेलर आधीच तयार असेल तर तीन वजनं करा. आधी नुसती पिकअप, टाकी फुल, माणसं बसलेली. मग ट्रेलर जोडून फक्त पिकअपची चाकं काट्यावर. शेवटी दोन्ही मिळून सगळं. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की ट्रेलर पिकअपवर किती टेकतो ते कळतं, तिसरा आकडा म्हणजे ब्रेकला सांभाळायचं एकूण ओझं. ट्रेलरमध्ये पाणी, सिलेंडर, माल सगळं भरून न्या. रिकामा नेऊन आलेली पावती फ्रेम करून लावायच्या कामाची.

दंडाचं पण सांगतो, कारण काही जणांना घाटापेक्षा पावतीची भीती जास्त असते. जास्त वजनाला कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये आहेत, शिवाय जास्तीचा माल तिथेच उतरवायचा खर्च तुमचा. आणि ओढायची परवानगी आहे ती नोंदणी असलेल्या ट्रेलरला. ट्रेलरला स्वतःचा नंबर लागतो, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबरही त्याच्या मागे दिसावा लागतो. सेंट्रिंगवाल्यांचे मिक्सर दोरीने बांधून चाललेले दिसतात म्हणून ते कायदेशीर होत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी आधी हेच कागद मागेल.

मुळात गाडी हवीच का?

हा भाग मला ट्रेनर म्हणून जास्त महत्त्वाचा वाटतो. कुंभाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. म्हणजे भर पावसात. त्र्यंबकचा पाऊस तुम्हाला मी सांगायला नको. ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला की बिनब्रेकचा ट्रेलर पिकअपला मागून ढकलतो आणि दोघांची घडी होते. २०१५ ला पर्वणीच्या दिवसांत बाहेरच्या गाड्या शहराबाहेरच्या पार्किंगला थांबवून लोकांना एसटीने आत आणलं होतं. तसंच झालं तर तुमचा ट्रेलर एकदा जागेवर लागेल आणि महिना-दीड महिना तिथेच उभा राहील.

मग दोन खेपांसाठी साडेचार लाखांची पिकअप, तिचा विमा, आठ वर्षांपुढची असेल तर दरवर्षी फिटनेस, आणि ड्रायव्हर? मिसळवाल्या त्या मुलाला मी हेच विचारलं. त्याचा ट्रेलर वर्षात दहा-बारा वेळा हलणार होता. रिकव्हरी व्हॅनच्या पाठीवर चढवून नेला तरी दहा-बारा भाड्यांत काम होतं, ब्रेकची जबाबदारी त्या कामासाठी बनलेल्या गाडीवर जाते, आणि त्याचे पैसे मटकी-तेलात खेळते राहतात. रोज जागा बदलायची असेल, सकाळी कॉलेज रोड आणि संध्याकाळी गंगापूर रोड, तर ट्रेलर कशाला? पिकअपवरच किचन बसवा, आरटीओची मंजुरी घेऊन, १,३०० च्या आत. ओढायला काही राहतच नाही.

मंडपवाल्या काकांचं गणित वेगळं आहे, त्यांचा जनरेटर लग्नसराईत रोज हलतो. त्यांच्यासाठी उत्तर म्हणजे हलका गाडा किंवा मोठी गाडी. जुनी १.३ ची पिकअप नव्हे. त्यांना ते पटलेलं नाही अजून.

फॅब्रिकेटरकडे ऑर्डर देणार असाल तर आधी त्याच्याकडून तीन गोष्टी बिलावर लिहून घ्या : ट्रेलरचं रिकामं वजन, ब्रेक आहेत की नाहीत, आणि नोंदणी कोण करून देणार. तोंडाने तो "काही लागत नाही, बिनधास्त चालवा" म्हणेल. तेच वाक्य त्याच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यासह मागून बघा.